पांढरी बोट उठेना

कोयनेचं धरण भरलं, दरवाजे उचलले, अशी बातमी आली की आमच्या सांगलीत माणसं पुलाकडे पळतात. पाणी कुठवर आलंय, पेठेत शिरेल का, कुणाच्या दुकानातला माल हलवलाय, याच्या चर्चा सुरू होतात. शेजारच्या काकू दरवर्षी गव्हाचा डबा माळ्यावर चढवतात आणि मला विचारतात, "वहिनी, तुमचं काहीच कसं हललेलं नाही?" मी नुसती हसते. मला भीती वाटत नाही असं मुळीच नाही. मी स्वभावानंच घोर लावून घेणारी बाई आहे; कुलूप लावून जिना उतरल्यावर गॅस बंद केलाय का हे बघायला परत वर चढणारी. पण ती बातमी ऐकली की माझं मन खाली येणाऱ्या पाण्याकडे जात नाही, वर भरलेल्या धरणाकडे जातं. तिथे एक पांढरी बोट नाक आभाळाकडे करून पाणी ढकलत असते आणि काही केल्या उठत नसते.

'बोट उठली', 'बोट उठेना' हे शब्द आमच्या ह्यांचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. हे फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, तिथे इंजिनाच्या बोटी चालवायला शिकले. फौजेतून सुटून आले आणि धरणावर बोट चालवायला लागले. ही पांढरी बोट कुण्या साहेबांच्या पाहणीसाठी आणलेली. दोन माणसं घेऊन सुसाट जायचं, एवढ्यासाठीच बांधलेली; लांबट, चपट्या पोटाची, मागे अंगाच्या मानानं भलंमोठं इंजिन. साहेबांचं काम संपलं. बोट ह्यांच्या ताब्यात राहिली आणि पलीकडच्या काठावरच्या आजारी माणसांना दवाखान्यात न्यायला वापरायची मुभा मिळाली. पलीकडचा काठ म्हणजे माझं सासर. जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं आणि उरलेली घरं वर डोंगराच्या अंगाला येऊन बसली होती.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्या बोटीत बसले तेव्हा मी काठ इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. त्यावर हे हसले आणि मला समजावून सांगायला लागले, "हे बग. आदी ती पाणी ढकलती. नाक वर, बूड खाली. आपणच केलेली लाट तिच्या म्होरं असती. ती लाट चडून गेली की मग पाण्यावर उठती, आन मग नुसती घसरत जाती. लाट चडूस्तवरच काय ती मारामारी." आणि खरंच, आम्ही दोघंच होतो म्हणून, इंजिनानं जोर केला, नाक खाली आलं आणि एकदम सगळं हलकं झालं. खाली पाणी आहे की नाही असं वाटलं. मी काठ सोडला नाही, पण डोळे उघडले.

दोघांनी उठणारी बोट चौघांनी उठत नसे. आजारी माणूस कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको येते, भाऊ येतो, गाठोडं येतं, दवाखान्यात मुक्काम पडला तर म्हणून तांदळाची पिशवी येते. मग बोट नांगरासारखी पाणी फाडत राहायची. इंजिन ओरडायचं, धूर व्हायचा, तेलाचा वास डोक्यात जायचा, आणि पलीकडचा काठ जागचा हलायचा नाही. साधी होडी परवडली असं माणसं म्हणायची.

या सगळ्याला आणखी एक कारण होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या देवीचं देऊळ पाण्याखाली गेलेलं. त्या पाण्यावरूनच जायचं यायचं, म्हणजे तिच्या डोक्यावरूनच. तेव्हापासून त्या काठावरच्या बायकांनी रीत पाडली होती: होडी कुठलीही असो, सगळ्यात पुढची फळी देवीची. तिला हळदकुंकू लावायचं आणि तिथे कुणी बसायचं नाही. तिला पुढे बसवायचं आणि आपण तिच्या मागून जायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या रीतीच्या मुखत्यार. पांढरी बोट गावच्या काठाला पहिल्यांदा लागली तेव्हा त्यांनीच तिच्या नाकावर कुंकवाची पाच बोटं ओढली होती. तेव्हापासून त्या बोटीचा पुढचा भाग मोकळा आणि सगळी माणसं मागे, इंजिनाच्या तोंडाशी, एकमेकांच्या मांडीवर. बूड जड झाल्यावर ती बिचारी कशी उठणार?

त्या वर्षी मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली. घरात वडील आणि भाऊ, सगळे पुरुष. आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "हितंच ऱ्हाऊ दे तिला. मी हाय न्हवं?" मला बरं वाटलं. आई नसलेल्या मुलीला असं कुणी म्हटलं की किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. हिशेब असा होता की दिवस भरायच्या आधी कोयनानगरच्या कॉलनीत खोली घ्यायची आणि दवाखान्याजवळ जाऊन राहायचं.

पण मागच्या पावसाळ्यात वरच्या आळीतली एक सून, बाळंतपणात अडली म्हणून दवाखान्यात नेताना, पाण्याच्या मधोमध गेली होती. साध्या होडीत. पोटातलं पोरही गेलं. तिला मी पाहिली होती. पाणवठ्यावर माझ्या सांगलीच्या बोलण्याची नक्कल करून मला हसवायची. ती गेल्यापासून मी पाण्याकडे बघितलं की काठ किती लांब आहे हेच बघायची. इतर सुनांना डोहाळे लागतात. मला चिंचा नको होत्या, आवळे नको होते. मला फक्त ती बोट चार माणसांनी उठायला हवी होती.

हे ह्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. ते गणपतीच्या आधीपासूनच बोटीच्या मागे लागले होते. तिला काठावर ओढून पालथी घातली आणि पोटाला धरलेलं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासून काढलं. फळ्यांच्या खाली पावसाचं पाणी साचून राहिलेलं, ते डब्यानं उपसलं. "बग, हिच्याबी पोटात पाणी झालंतं," असं मला चिडवलं, कारण तेव्हा माझे पाय सुजले होते. मला हसू आलं नाही. इंजिन मागच्या फळीला टांगलेलं असे आणि त्याचा पाण्यातला पाय किती आत घ्यायचा, किती बाहेर ठेवायचा, ते एका खिळीवर ठरे. ह्यांनी खिळी काढून अगदी आतल्या भोकात घातली. त्यानं नाक थोडं खाली आलं. मग इंजिनाचा पंखा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि कराडला दस्तगीरभाईंकडे घेऊन गेले.

दस्तगीरभाई ह्यांचे पलटणीतले दोस्त. कराडात त्यांचं लेथचं दुकान होतं. त्यांनी पात्यांचा पीळ जरा कमी करून दिला आणि स्वतःच बोट बघायला काठावर आले. माझी अवस्था बघून म्हणाले, "भाभी, पळायला आता जरा मंद होईल ही. पर उठंल बिगी." मी म्हटलं, "उठली म्हणजे झालं, मंद चालेल." ते खो खो हसले. मी गंमत करत नव्हते.

मग सुरू झाल्या चाचण्या. माणसांना घेऊन हे रोज कुठे फिरणार? म्हणून भाताची पोती. एक पोतं म्हणजे सुईण, एक भरगच्च पोतं म्हणजे आत्याबाई, आणि एक मी. मी दारातल्या दगडावर बसून बघायची. डोंगरावर सोनकी फुललेली, सगळा उतार पिवळा. नाचणीच्या शेतातून ओला वास यायचा, माणसांच्या अंगावरच्या घोंगड्यांचाही यायचा. धुकं पाण्यावर उतरायचं, परत वर जायचं. इतकं देखणं होतं सगळं, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी त्या पोत्याकडे बघत असायची जे मी होते. मागच्या फळीवर कलंडून पडलेलं असायचं. बोट काठावरून सुटायची, नाक वर करायची, आवाज चढत जायचा, चढत जायचा, आणि मी दगडावर बसून दात आवळून तिला ढकलत असायची. रात्री दाढा दुखायच्या.

एके दिवशी ह्यांनी आत्याबाईंचं पोतं उचललं आणि पुढे ठेवलं, थेट देवीच्या फळीवर. बोट सुटली, नाक वर गेलं, क्षणभर अडली आणि उठली. काठावरची सगळी माणसं ओरडली. मीही उभी राहिले. हे मोठं वळण घेऊन परत आले, उतरले आणि आईकडे बघत राहिले. आत्याबाई सुपानं तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"पोतं बसलं," त्या म्हणाल्या. "माणूस बसायचं न्हाई."

"आये, भाताला चालतंय आन माणसाला का न्हाई?"

"भात तिनंच दिलेला हाय. माणसाला अक्कल दिलीया. तिच्या डोस्क्यावरनं जायाचं आन वर तिच्याच जागंवर बूड टेकायचं? पोटुशी बाई बोटीत घिऊन?"

ह्यांनी पोतं उचलून परत मागे ठेवलं. शत्रूच्या माऱ्याखाली नदी ओलांडलेला माणूस, पण आईपुढे त्यांचं कधी चाललं नाही. फळीच्या मागे वाळूची पोती ठेवून बघितली, तर ओझंच वाढलं. मला आत्याबाईंचा राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं पटलंही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं. मला इंजिनाचाही आधार हवा होता आणि देवीचाही, आणि दोघांचं पटत नव्हतं.

त्या दिवसांत जमीन मधूनच हलायची. फळीवरची भांडी वाजायची. तिथल्या लोकांना त्याचं काही नव्हतं. बोलता बोलता भांड्यावर हात ठेवायचे आणि पुढे बोलायचे. मी मात्र प्रत्येक वेळी पोटावर हात ठेवायची. अजूनही रस्त्यानं जड ट्रक गेला आणि कपाटातल्या बशा किणकिणल्या की माझा हात आधी पोटावर जातो. मुलगी हसते मला.

कॉलनीतली खोली मिळायच्या आधीच, एका दुपारी, माझं पोट दुखायला लागलं. सुईण आली, तिनं हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "हे हितं व्हायाचं न्हाई," एवढंच म्हणाली. मला घोंगड्याच्या झोळीतून खाली आणलं आणि बोटीत मागे वाकळेवर निजवलं. माझं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. पायाशी सुईण. वारा सुटला होता आणि धरण काठोकाठ भरलेलं, पाण्याला लहान लहान लाटा.

ह्यांनी इंजिन पूर्ण जोरात सोडलं. नाक वर गेलं ते वरच राहिलं. मी आडवी असल्यामुळे मला पाणी दिसत नव्हतं. आभाळ, बोटीचं नाक आणि त्याच्या अलीकडची मोकळी फळी, एवढंच दिसत होतं. आवाज चढत चालला. मागून पाणी आत आलं, माझी पाठ भिजली. कळ आली की मी ओरडायची आणि कळ गेली की इंजिनाचा आवाज ऐकायची. तो बदलेना. मला वरच्या आळीतली ती सून आठवत होती. ती कुठे गेली असेल, याच जागी का, असं मी डोळ्यांनी शोधत होते. मरायची भीती मला आधीही वाटायची, नंतरही वाटली. पण त्या वेळी जी वाटली तशी कधीच नाही.

"आये!" हे ओरडले. हात इंजिनावर, डोळे पुढे. "आये, वजन फुडं पायजे! न्हाईतर ही उठायची न्हाई!"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुईण समजली. ती उठून पुढे निघाली, तशी आत्याबाईंनी तिचा पदर धरला. "तू न्हाई. तुजी पोरं बारकी हायती." तिला त्यांनी आपल्या जागी ओढलं, माझं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं, नऊवारीचा ओचा खोचला आणि गुडघ्यावर रांगत पुढे गेल्या. अंगानं भरलेली बाई, कधी घाई न करणारी. फळीपाशी थांबल्या. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांची मान हलताना दिसली. काय म्हणाल्या ते सुईणीनं ऐकलं आणि मला पुढे कधीतरी सांगितलं. एस्टीत आपण शेजारणीला म्हणतो तसं म्हणाल्या होत्या, "सरक गं बाय जराशी."

आणि बसल्या. तोंड आमच्याकडे नाही, पुढे. दोन्ही हातांनी दोर धरलेला.

नाक खाली आलं. बोट अडली, थरथरली आणि उठली. इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला, पाठीखालचं पाणी मागे धावलं, आणि लाटांवरून आपटत, आपटत आम्ही निघालो. प्रत्येक आपटीला मी ओरडत होते आणि प्रत्येक आपटीला मला आनंद होत होता. पुढे आत्याबाईंचा पदर डोक्यावरून उडाला होता. तो सावरायला त्यांना हात नव्हता.

धरणाच्या काठाला जीप होती. दवाखाना होता. मुलगी झाली. निळी पडलेली होती, रडायला वेळ लावला, आणि मग रडली. मी तिच्या रडण्यावर कान लावून पडून राहिले. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "दोगी बऱ्या हायती न्हवं?" असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मला वाटलं, आत येतील, तिला घेतील. त्या दारातूनच परत गेल्या.

घरी आल्यावर माझं सगळं त्यांनी केलं. शेगडी पेटवली, अंगाला तेल लावलं, हळिवाची खीर समोर बसून खायला घातली. सख्ख्या आईनं केलं नसतं इतकं केलं. पण पोरीला हात लावला नाही. तिला न्हाऊ घालायला सुईण यायची. पाळण्याला झोका द्यायचा तर दोरी लांबून ओढायच्या. बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि या आत चुलीपाशी घुगऱ्या हलवत बसलेल्या. बायका कुजबुजल्या, नात झाली म्हणून म्हातारी रुसली. मीही तेच धरून बसले. दुसरं काय धरणार? ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, निवंल." मी रोज वाट बघायची आणि रोज माझं मन आणखी कडू व्हायचं.

धरणाचं पाणी उतरू लागलं होतं. पोरगी पालथी पडायला शिकली होती. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. पोरगी घोंगडीवर होती आणि आत्याबाई तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, शेंगा फोडत. पोरगी पालथी पडली, सरकली, तोंड जमिनीत रुतलं आणि गुदमरून रडायला लागली. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. मलाच हाका मारायला लागल्या, "अगं, पोर उचल! बिगी ये, पोर उचल!"

मी पिठाच्या हातांनी धावले, तिला उचललं आणि माझा बांध फुटला. "तुमच्या हाताशी होती ती! पोरगी झाली म्हणून एवढा राग? मुलगा असता तर असाच पडू दिला असता?"

असलं काही मी बोलेन हे त्यांच्या स्वप्नातही नसावं.

"पोरगीचं काय गं," त्या म्हणाल्या. "पोरगी काय, पोरगा काय. मी देवीच्या जागंवर बसली हुती. तिनं त्या टायमाला काय म्हणलं न्हाई. पर राग असंल तिचा. कवा उतरंल, कुणावर उतरंल, कुणाला ठावं? माजा हात पोरीला लागला आन माज्या वाटचं हिच्यावर आलं तर? म्हणून लावत न्हाई. मला का वाटत न्हाई व्हय, घ्यावं?"

इतके महिने मी रुसलेली सासू बघत होते. पण समोर एक घाबरलेली बाई बसली होती, माझ्यासारखीच, माझ्याहून जास्त. घोर लावून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. या बाईनं माझ्यासाठी तो उरावर घेतला होता आणि एकटीच वागवत होती.

मी खाली बसले आणि पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी दोन्ही हात झटक्यानं वर केले, विस्तवाला लागल्यासारखे. "अगं काय करतीस? उचल तिला. उचल म्हणते न्हवं!"

"नाही उचलत," मी म्हणाले. "व्हायचं ते आपल्या तिघींचं होऊ दे."

"उचल गं बाय, पाया पडते."

मी हात मागे घेतले. मला माझाच भरवसा वाटत नव्हता. पोरीचं रडं थांबलं होतं. ती वर त्या दोन हातांकडे बघत होती. मग तिनं जोर केला, पाय झाडले, आणि मांडीवरून एका बाजूला कलली.

आत्याबाईंचे हात खाली आले.